फळ्याशेजारी काय यावं? नव्या तंत्रज्ञानाबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच विषयाभोवतीची आहेत. कुणाच्या शाळेला स्पर्शानं चालणाऱ्या मोठ्या पडद्याचं पॅनल देणगीत मिळतंय, कुणाच्या मुलीच्या शाळेत ॲप सक्तीचं झालंय, कुणाला एआयकडून प्रश्नपत्रिका काढून घ्यायच्या आहेत. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला माजी विद्यार्थी ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल देणार आहेत. पुढच्या आठवड्यात विक्रेता शाळेत येऊन प्रात्यक्षिक दाखवेल. पहिली ते सातवी वर्ग, पाच शिक्षक, वर्गखोलीची लांबी वीस फूट. प्रात्यक्षिकात नेमकं काय बघावं? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर : विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात माणूस त्याचा, व्हिडिओ त्याचा आणि हॉटस्पॉटही त्याचाच असतो. तुम्ही तिन्ही बदला. हात तुमच्या शिक्षकाचा, पान तुमच्या पाठ्यपुस्तकाचं, इंटरनेट बंद. वेळही तुम्हीच ठरवा. खिडकीतून ऊन आत येतं ती वेळ मागून घ्या.

पहिली तपासणी शेवटच्या बाकावरून. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकाची पीडीएफ आधी उतरवून ठेवा, एक पान पूर्ण पडद्यावर लावा आणि मागच्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या मुलांना वाचायला सांगा. त्यांना वाचता येणार नाही. ७५ इंची पडदा साधारण १६६ सेंमी रुंद आणि ९३ सेंमी उंच असतो. पुस्तकाचं पान उभं, २८ सेंमीच्या आसपास, म्हणजे पडद्यावर ते तिपटीहून थोडंसंच मोठं होतं. पुस्तकातलं साडेतीन मिलिमीटरचं अक्षर तिथे जेमतेम बारा मिलिमीटरचं दिसतं. वाचणाऱ्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची असावी, असा ढोबळ हिशेब धरला तर सहा मीटरवरून तीस मिलिमीटर हवेत. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून एवढ्या मोठ्या अक्षराच्या पडद्यावर दहा-बाराच ओळी मावतात. विक्रेत्याचे तयार पाठ याहून दाट असतील तर मागची मुलं फक्त चित्रं बघतील. 'दऱ्या', 'हृदय', 'कृमी', 'रुपया', 'रूप' असे शब्द मुद्दाम वाचायला द्या. नजर कमी पडू लागली की आधी अक्षर जात नाही, उकार जातात.

त्याच वेळी पॅनलच्या कीबोर्डवर 'सुऱ्या', 'ऱ्हास', 'ॲप' टाइप करून बघा. 'ऱ्य' तुटून र, पाय मोडल्याची खूण आणि य असे सुटे दिसले, किंवा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले, तर पहिली-दुसरीसाठी तो फाँट चालणार नाही. अक्षरांची ओळख पक्की होण्याचं ते वय आहे.

दुसरी गोष्ट वीज. पॅनलच्या पाठीवरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. समजा, चालू असताना २५० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची, वर इन्व्हर्टरमधली घट धरायची, की ७५० च्या आसपास उरतात. म्हणजे तीन तास, आणि तेही बॅटरी नवी असताना. त्याच इन्व्हर्टरवर ७५ वॅटचे दोन पंखे असतील तर दोन तासही मिळणार नाहीत. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर पॅनल बसवण्याआधी अर्थिंग दुरुस्त करा. अर्थिंग तुटलेलं असलं की पॅनलच्या धातूच्या चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि हा हात लहान मुलांचा असणार आहे.

स्पर्शाचं तंत्रही समजून घ्या. बहुतेक पॅनलमध्ये चौकटीच्या कडेनं अवरक्त किरणांचे बारीक दिवे आणि त्यांच्या समोर संवेदक असतात. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि जागा कळते. खडूची पूड त्या कडेवर बसली किंवा थेट ऊन संवेदकावर पडलं की पॅनलला नसलेलं बोट दिसतं, रेघा आपोआप उमटतात. 'पॅनल बिघडलं' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काही कोरड्या मऊ फडक्यानं कड पुसल्यावर मिटतात. म्हणून खडूचा फळा अगदी चिकटून नको, आणि खालची कड रोज पुसायची जबाबदारी एका व्यक्तीवर हवी.

भिंतही बघा. एवढ्या पॅनलचं वजन पन्नास किलोच्या घरात जातं. साडेचार इंची विटांच्या आडभिंतीवर ते टांगू नका. भिंत जुनी, मातीत बांधलेली असेल तर चाकांचं स्टँड बरं.

विक्रेत्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी तीनच : शैक्षणिक साहित्याचा परवाना किती वर्षांचा आणि तो संपल्यावर पॅनलवर काय उरतं; अँड्रॉइडची सुरक्षा-सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळेल; दुरुस्तीला माणूस शाळेत येणार की पॅनल तालुक्याला न्यायचं. काच फुटणं हमीत धरत नाहीत, तेही विचारून ठेवा.

आणि देणगीदारांना दुखवू नये म्हणून गप्प राहू नका. सात इयत्तांच्या शाळेत हे यंत्र एकाच खोलीत जाणार. त्याआधी महिनाभर कुणाकडून तरी ४३ इंची टीव्ही मागून आणा, चाकाच्या स्टँडवर ठेवा, लॅपटॉप जोडा आणि कोणत्या वर्गानं कोणत्या तासाला वापरला हे वहीत लिहा. आठवड्याला दहा तासिकाही भरल्या नाहीत, तर ती वही माजी विद्यार्थ्यांना दाखवा. त्यांचा पैसा अर्थिंगला, पंख्यांना आणि वाचनपेटीला जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलांचं वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप आली आहेत. आमच्याकडे घरी कोरकू बोलणारी मुलं बरीच आहेत. ॲपचे गुण वाचनपातळी म्हणून नोंदवावेत का? (शिक्षक, धारणी तालुका)

उत्तर : नोंदवू नका, निदान स्वतः पडताळून पाहेपर्यंत तरी नाही. सराव मात्र करून घ्यायला हरकत नाही. गूगलचं 'रीड अलाँग' २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावानं सुरू झालं. ते मराठीतही आहे आणि गोष्टी उतरवून ठेवल्या की इंटरनेटशिवाय चालतं. एकट्यानं मोठ्यानं वाचायला संधी न मिळणाऱ्या मुलाला रोज दहा मिनिटं मिळतात, हा फायदा खरा आहे.

अडचण उच्चाराची. अशी यंत्रणा ज्या आवाजांवर तयार होते, त्यात तुमच्या भागातली मुलं किती होती हे कुणी सांगत नाही. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, वऱ्हाडीत 'डोळा'चं 'डोया' होतं. शिक्षकाला कळतं की मुलानं शब्द बरोबर वाचला आणि आपल्या बोलीत उच्चारला. ॲप त्याला चूक म्हणू शकतं. वाचायला नुकतं लागलेलं मूल बरोबर वाचूनही तीनदा चूक ठरलं की आवाज खाली आणतं, आणि मग ॲपला ते आणखी कमी ऐकू येतं.

पडताळणी एका दुपारची आहे. वाचनाच्या तीन पातळ्यांतली मिळून दहा मुलं घ्या. प्रत्येकाला पन्नास शब्दांचा, आधी न वाचलेला उतारा ॲपमध्ये वाचायला द्या आणि दुसऱ्या फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. मग दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता ते ऐकून शब्दागणिक खुणा करायच्या. दोघं आवश्यक आहेत, कारण शिक्षकांच्या खुणांतही फरक पडतो आणि तो किती, हे कळल्याशिवाय ॲपला दोष देता येत नाही. पाचशे शब्दांचे चार खाने पडतील : शिक्षक आणि ॲप दोघांच्याही मते बरोबर, दोघांच्याही मते चूक, मुलाचं बरोबर पण ॲपनं चूक धरलं, मुलाचं चूक पण ॲपनं सोडलं. तिसरा खाना सगळ्यात महत्त्वाचा. चाचणीआधीच आकडा ठरवा. आम्ही पाचशेत पंचवीस ही कमाल मर्यादा धरू. त्याहून जास्त निघाले तर त्या मुलांसाठी ते ॲप सरावालाही नको. तिसऱ्या खान्यातले शब्द नुसते मोजून सोडू नका, वाचून बघा. ते बहुतेक न-ण, ळ आणि जोडाक्षरांचे असतील, तर कारण बोलीचं आहे. ते कुठेही विखुरलेले असतील, तर कारण गोंगाटाचं असण्याचा संभव जास्त.

गोंगाटावर उपाय आहेत. एका खोलीत दहा फोन लावले तर एकाचं वाचन दुसऱ्याच्या फोनमध्ये जातं. एका वेळी तीनच मुलं, व्हरांड्यात लांब लांब, फोन तोंडापासून वीतभर. पत्र्यावर पाऊस असेल त्या दिवशी चाचणी घेऊच नका.

अंकांचं वाचन वेगळं तपासा. 'एकोणपन्नास', 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर', 'एकोणऐंशी' हे चार शब्द पाच मुलांकडून वदवून घ्या. गणिताचं बोलतं ॲप असेल तर पहिला अडथळा इथेच दिसेल.

प्रश्न : मी नववी-दहावीला मराठी माध्यमात विज्ञान शिकवते. एआय चॅटबॉटकडून प्रश्न आणि स्वाध्याय काढून घेतले तर वेळ वाचेल का? विश्वास किती ठेवावा? (शिक्षिका, लातूर)

उत्तर : वेळ वाचतो की नाही हे मोजून ठरवा, कारण तपासायचा वेळ कुणी हिशेबात धरत नाही. तीन घटकांचे स्वाध्याय नेहमीसारखे हातानं काढा, तीन एआयकडून काढून शब्दन् शब्द तपासा, आणि दोन्हींची मिनिटं लिहा. भाषेच्या विषयात आणि बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय सुचवण्यात बराच वेळ वाचू शकतो. विज्ञानाच्या गणितांत फरक अगदी थोडा पडला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

मराठीत खास धोका परिभाषेचा आहे. या यंत्रणांना हिंदी मजकूर मराठीपेक्षा खूप जास्त मिळालेला असतो आणि लिपी तीच. त्यामुळे वाक्य मराठी, संज्ञा हिंदी असं मिश्रण येतं. 'पेशी'च्या जागी 'कोशिका', 'वारंवारता'च्या जागी 'आवृत्ती', 'रोध'ऐवजी 'प्रतिरोध', 'काटकोन त्रिकोण'ऐवजी 'समकोण त्रिभुज'. हे निदान डोळ्यांना खटकतात. खटकत नाही तो 'क्षार'. आपल्या पुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार ही तिघं वेगळी आहेत. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळतं. हिंदीत मात्र 'क्षार' म्हणजे अल्कली आणि आपल्या क्षाराला 'लवण'. एआयनं 'क्षार लाल लिटमस निळा करतो' असं लिहिलं तर वाक्य शुद्ध मराठी दिसतं, हिंदीच्या अर्थानं खरंही असतं, आणि दहावीच्या मुलाला आम्लारीचा गुणधर्म मिठाला चिकटवायला लावतं. म्हणून संज्ञांची यादी पाठ्यपुस्तकातून टाइप करून प्रत्येक वेळी सूचनेसोबत द्या आणि 'या यादीबाहेरची संज्ञा वापरू नये' असं स्पष्ट लिहा. चुका कमी होतात, संपत नाहीत.

साधन निवडण्याआधी तीस प्रश्नांचा संच करा, सगळ्यांची उत्तरं तुम्हाला माहीत असलेला. दहा प्रश्न पुस्तकातले सरळ, दहा आकडेमोडीचे, आणि दहा मुद्दाम चुकीच्या गृहीतकाचे : 'निर्वात पोकळीत ध्वनीचा वेग किती?', 'आम्लारी निळा लिटमस लाल कसा करते?', 'वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा त्रिज्येइतकी का असते?' चांगलं साधन 'प्रश्नच चुकीचा आहे' असं सांगतं. कच्चं साधन प्रश्न खरा मानून स्पष्टीकरण रचतं, आणि ते स्पष्टीकरण इतकं ओघवतं असतं की घाईत खरं वाटतं. तोच संच वेगवेगळ्या तीन दिवशी, प्रत्येक वेळी नवीन संभाषण उघडून विचारा, कारण उत्तरं बदलतात. चुकांची नोंद चार प्रकारांत ठेवा : आशयाची, संज्ञेची, भाषेची, अभ्यासक्रमाबाहेरची. आशयाची चूक तिसांत एक जरी निघाली तरी प्रत्येक प्रश्न हातानं तपासणं आलं.

आकडेमोड कॅल्क्युलेटरवर पडताळा. ही यंत्रणा पुढचा शब्द कोणता येईल याच्या संभाव्यतेवर वाक्यं जुळवते, त्यामुळे लांब गुणाकार-भागाकारात पायऱ्या बरोबर आणि शेवटचा आकडा चूक असं घडतं. परिमाणं वास्तवातली आहेत का तेही बघा. घरगुती दिव्यातून ५० अँपिअर धारा वाहणारं उदाहरण ओहमच्या नियमात बसतं, पण मुलाच्या डोक्यातला अंदाज बिघडवतं. आकृत्या एआयकडून काढून घेऊ नका. हृदयाचे कप्पे आणि देवनागरी नावनिर्देश दोन्ही चुकण्याचा धोका मोठा आहे. आणि मुलांची नावं, गुण, आधार किंवा 'सरल' (राज्याच्या शालेय नोंदणी-प्रणालीतला) क्रमांक असलेला तक्ता चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नका.

प्रश्न : मुलांनी निबंध एआयकडून लिहून आणलाय का, हे ओळखणारं साधन शाळेनं विकत घ्यावं का? (पर्यवेक्षक, ठाणे)

उत्तर : घेऊ नये. ओपनएआय या कंपनीनं स्वतः असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं एआयचा मजकूर शंभरात २६ वेळाच ओळखला आणि माणसानं लिहिलेला मजकूर शंभरात नऊ वेळा एआयचा ठरवला, आणि हे इंग्रजीत. चाळीस प्रामाणिक मुलांत तीन-चार जणांवर खोटा आळ येत असेल तर ते साधन वर्गात येता कामा नये. निबंध आणलेल्या मुलाला दोन मिनिटं जवळ बसवा, त्याच्याच लेखातला एक परिच्छेद तोंडी समजावून सांगायला लावा. पहिला कच्चा खर्डा वर्गातच, वहीत लिहून घ्या.

प्रश्न : आमची संस्था व्हीआर (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारे) हेडसेट घ्यायच्या विचारात आहे. आठवीचा वर्ग चाळीसचा आहे, सुरुवातीला चार संच घेऊ. प्रयोगशाळेला पर्याय होईल का? (संस्थेचे सचिव, सिंधुदुर्ग)

उत्तर : आधी घड्याळ लावून बघा. चार संच, प्रत्येक मुलाला पाच मिनिटं, डोक्यावर नीट बसवणं, पुसणं आणि पुढच्याला देणं यात दोन मिनिटं. चाळीस मुलांच्या दहा फेऱ्या, सत्तर मिनिटं. तासिका पस्तीस-चाळीसची. एका वेळी छत्तीस मुलं मोकळी बसणार, त्यांना काय काम द्यायचं याचा आराखडा विक्रेत्याकडे नसतो. वयाची अटही तपासा. काही उत्पादक तेरा वर्षांखालच्या मुलांना मनाई करतात, आणि आठवीत सगळे तेरा पूर्ण नसतात. डोळे आलेले असतील किंवा उवांची तक्रार असेल त्या आठवड्यात संच बंद ठेवावे लागतील. पुठ्ठ्याच्या चौकटीत फोन घालण्याचा स्वस्त मार्ग सुचवला जातो, पण स्वस्त फोनांत बहुधा जायरोस्कोप, म्हणजे वळण ओळखणारा संवेदक, नसतो. त्याशिवाय मान वळवली तरी दृश्य वळत नाही.

मोठा धोका साहित्याचा. गूगलचं 'एक्सपिडिशन्स' हे शाळांसाठीचं व्हीआर ॲप जून २०२१ मध्ये बंद झालं. संच कपाटात राहिले, दाखवायला काही उरलं नाही. जे यंत्र एकाच कंपनीच्या साहित्यावर जगतं, त्याची ही जोखीम किमतीत धरा.

प्रयोगशाळा नसणं ही तुमची खरी अडचण असेल तर दोन फुकट गोष्टी आधी वापरून बघा. एक, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही सादृश्यं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. अनेक सादृश्यं मराठीत आहेत, आणि उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. मात्र विद्युत परिपथ शिकवताना आधी खरा दीड व्होल्टचा सेल, खरा टॉर्चचा बल्ब आणि तार द्या. पडद्यावरची जोडणी कधी ढिली होत नाही. दिवा का लागत नाही हे शोधणं मूल खऱ्या तारेवरच शिकतं. सादृश्य त्यानंतर, विद्युतधारा 'दिसण्यासाठी'.

दुसरं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' ॲप. ते फोनचे संवेदक मोजमापासाठी उघडून देतं. दोन फोन पाच मीटरवर ठेवा, दोन्हींवर आवाजानं चालू-बंद होणारं घड्याळ लावा. पहिल्या फोनजवळच्या मुलानं टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात. मग दुसऱ्या फोनजवळच्यानं वाजवली की दोन्ही थांबतात. दोन घड्याळांतला फरक म्हणजे ध्वनीला जाऊन-येऊन दहा मीटर जायला लागलेला वेळ, तीस अंश तापमानाला ०.०२९ सेकंदाच्या आसपास. वर्गात प्रतिध्वनी आणि कुजबूज घोळ करतात, म्हणून मैदानावर करा आणि ध्वनीची किमान पातळी थोडी वर ठेवा. दहा वेळा करून सरासरी काढा. चाळीस मुलांच्या पाच गटांना दहा फोन पुरतात.

प्रश्न : मुलीच्या शाळेनं गृहपाठाचं ॲप सक्तीचं केलं आहे. ते लोकेशन आणि संपर्कयादी मागतं. नकार दिला तर चालेल का? (पालक, पुणे)

उत्तर : आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या परवानग्या उघडा आणि एकेक बंद करून गृहपाठ उघडतो का बघा. वाचनाच्या ॲपला मायक्रोफोन लागतो, वहीचा फोटो पाठवायला कॅमेरा लागतो. गृहपाठाला संपर्कयादी आणि लोकेशन लागत नाही. ती बंद केल्यावर ॲप चालेनासं झालं तर त्याचा पडद्याचा फोटो घेऊन शाळेला लेखी कळवा.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरायला पालकाची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि मुलांचा माग ठेवणं व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात, आणि शाळांना शैक्षणिक कामापुरती व मुलांच्या सुरक्षेपुरती काही सवलत आहे. गृहपाठासाठी संपर्कयादी हवी, हे त्या सवलतीत बसवून दाखवणं शाळेला अवघड जाईल. भीती अवाजवीही नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी ४९ देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली, तेव्हा दहातल्या जवळपास नऊंमध्ये मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी माहिती-हाताळणी आढळली.

शाळेला चारच गोष्टी विचारा : कोणती माहिती गोळा होते, ती कुठे साठते, कंपनीखेरीज कुणाला दिली जाते, आणि मुलीनं शाळा सोडल्यावर किती दिवसांत पुसली जाते. एकट्यानं विचारण्यापेक्षा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय घ्या. चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा कुणी आणत असेल तर विरोध अधिक ठाम करा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, मुलाचा चेहरा बदलता येत नाही.

प्रश्न : आठवीच्या दोन तुकड्यांना गणितासाठी टॅब दिले. मुलं खूश आहेत. पण शिकतायत का, हे शाळा स्तरावर कसं कळेल? (मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : पहिल्या दोन आठवड्यांत मुलं खूश आहेत हा पुरावा धरूच नका, तो आनंद नवेपणाचा असतो. दोन टोकांचे दोन अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' कार्यक्रमाचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. सुमारे सव्वा वर्षानंतर मुलांकडे लॅपटॉप भरपूर होते, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट, दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' प्रणालीच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितात ठळक वाढ दिसली. तिथे पंचेचाळीस मिनिटं संगणक मुलाच्या खऱ्या पातळीचे प्रश्न देत होता, मग ती आठवीतल्या मुलाची चौथीची पातळी का असेना, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं लहान गटात माणूस शिकवत होता. तेव्हा तुमच्या टॅबला पहिला प्रश्न हा : मागं पडलेल्या मुलाला तो मागची पायरी देतो, की सगळ्यांना आठवीचंच प्रकरण दाखवतो? अपूर्णांकांची बेरीज न येणाऱ्या मुलाच्या नावानं आत जाऊन पाच उत्तरं मुद्दाम चुकवा, पुढं काय येतं ते बघा. दहा मिनिटांत समजतं.

मग आठ आठवड्यांची चाचणी. पंधरा प्रश्नांची पूर्वचाचणी दोन्ही तुकड्यांना, कागदावर. पहिले चार आठवडे टॅब फक्त 'अ' तुकडीला, घटक तोच, 'ब'ला नेहमीची वही. चौथ्या आठवड्याअखेर तशीच पण आकडे बदललेली चाचणी. मग अदलाबदल आणि नवा घटक, म्हणजे कुणी वंचित राहत नाही आणि 'अ' तुकडी मुळातच हुशार होती ही शंकाही राहत नाही. उत्तरचाचणी टॅबवर घेऊ नका, कारण टॅबवरचे प्रश्न सोडवायची सवय आणि गणित येणं या दोन गोष्टी मिसळतात. दर घटकानंतर तीन आठवड्यांनी पाच प्रश्न न सांगता पुन्हा द्या.

तीस-तीस मुलांच्या तुकडीत सरासरीतला एका गुणाचा फरक दोन-तीन गैरहजर मुलांमुळेही पडतो. त्यावर निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा प्रश्नागणिक तक्ता करा : पूर्वी चुकलेला प्रश्न आता किती जणांना आला, आणि आधी येणारा किती जणांचा गेला. दोन्ही तुकड्यांत एकाच प्रकारच्या प्रश्नाला टॅबच्या काळात फरक पडला असेल तर तो विश्वासार्ह. आणखी एक रकाना रोज भरायचा : घंटेपासून पहिला प्रश्न सोडवायला सुरुवात होईपर्यंत किती मिनिटं गेली. वाटप, पासवर्ड, चार्जिंग संपलेला टॅब बदलणं यात पस्तिसातली बारा मिनिटं जात असतील आणि चौथ्या आठवड्यातही ती पाचवर आली नसतील, तर गुण बघायच्या आधीच वेळापत्रक बदला : आठवड्यात पाच तासिकांऐवजी दोन सलग जोडतासिका. थांबायचं केव्हा तेही सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, नाहीतर खर्च झालाय म्हणून टॅब चालू राहतात.

प्रश्न : जुने बारा टॅब कपाटात आहेत. तिघांची पाठ फुगली आहे. चार्ज करून बघावेत का? (लिपिक, माध्यमिक शाळा, जळगाव)

उत्तर : फुगलेले तीन अजिबात चार्जिंगला लावू नका. आत बॅटरीत वायू साठला आहे. दाबणं, टोचणं, पाठ उचकटणं यातून पेट घेऊ शकतो. आजच बाकीच्यांपासून वेगळे काढा, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा वर्गाबाहेर सावलीत ठेवा, आणि नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. भंगारवाल्याला देऊ नका. जडवस्तू नोंदवहीत निर्लेखनाची, म्हणजे वस्तू यादीतून कमी केल्याची, नोंद करून पावती जोडा.

उरलेल्या नऊंपैकी एकेक, उघड्यावर, टेबलावर, कुणीतरी समोर असताना चार्ज करा. अर्ध्या तासात पाठ हाताला चटका देण्याइतकी तापली तर तोही डब्यात. चांगले निघतील ते पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे ठेवू नका. निम्मे चार्ज करून, बंद करून, पत्र्याच्या छपराखालचं कपाट सोडून थंड खोलीत ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काढून बघा.